हृदयाचं पंपिंग कमी झालंय? मग गोळ्या अशा चुकवा

येळवशीनंतर, म्हणजे रानात साजऱ्या होणाऱ्या वेळअमावास्येनंतर, तिसऱ्या रात्री अडीच वाजता अण्णांना जीपमध्ये बसवून लातूरला आणलं. बसवूनच, कारण आडवं केलं की जीव गुदमरायचा. छातीत पाणी झालेलं, पायावर बोट दाबलं की खड्डा. आता ते घरी आलेत आणि भेटायला येणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जातोय. मग मीच का मागं राहू?

बरं वाटायला लागलं की त्याच दिवशी गोळ्या बंद करा. गोळ्यांमुळंच बरं वाटतंय, असली शंका मनात आणू नका. लंडनच्या डॉक्टरांनी आणली होती. फुगून कमजोर झालेलं हृदय औषधांनी पूर्ववत झालेल्या २५ जणांच्या गोळ्या त्यांनी देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानं बंद केल्या. सहा महिन्यांत ११ जणांचं दुखणं उलटलं. २०१९ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलंय. पण ती लंडनची माणसं, त्यांनी कुठं ज्वारीची भाकर खाल्लीय?

चिठ्ठी शेजाऱ्याकडून तपासून घ्या. ‘शुगर नसताना शुगरची गोळी’ तोच पकडतो. डापाग्लिफ्लोझिन शुगर नसली तरी कमजोर हृदयाला देतात, हे त्याला सांगून त्याचा हिरमोड करू नका.

गुडघा दुखला की मेडिकलवरून दुखीची गोळी आणा. अंगात पाणी धरून ठेवायला तिच्यासारखी तीच.

आता लघवीची गोळी. ही तर हक्कानं चुकवायची. एसटीनं जायचंय, चुकवा. लग्न आहे, चुकवा. येळवस असली तर विचारूच नका. कडब्याच्या कोपीत पांडव पुजायचे, रानात पाहुणे, बायामाणसं. म्हातारा माणूस सारखा तुरीआड जाणार, बरं दिसतं का? अण्णांनी गोळी ठेवली खिशातच. मग आंबील, तांब्यावर तांब्या. भज्जीत मीठ आहेच, वर लोणचं. ‘घ्या अण्णा, वर्षातून एकदाच येते येळवस.’ कोण म्हणालं? मीच म्हणालो. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, काल नाही घेतली, काय झालं? काहीच नाही. म्हणून आजही नाही. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर लगेच फोन करा, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. काट्यावर चढलं कोण? त्याच्यावर कांद्याची पाटी. तिसऱ्या दिवशी ‘ताकदच नाही’ म्हणून गावातल्या डॉक्टरकडं नेलं, त्यानं लावली सलाईन! आधीच पाण्यानं भरलेल्या माणसाला वरून आणखी बाटली! आणि तो तरी काय करणार? बाटली लावली नाही की ‘ह्याला काही येत नाही’ म्हणत आपणच दुसऱ्या दारी जातो.

अहो, प्रवास असला तर गोळी किती वाजता घेऊ, एवढं विचारायला काय होतं? फोन करायला लाज वाटते, आणि रात्री अडीचला दुसऱ्याची जीप मागायला वाटत नाही? खोकला येतो, चक्कर येते, पैसे पुरत नाहीत, तर तोंडानं सांगा. गोळी बदलता येते, स्वस्तातली लिहून मागता येते. गुपचूप बंद करायची, तीही बीटा ब्लॉकरसारखी, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणारी, एका झटक्यात, ह्याला मूर्खपणा म्हणतात. मी धरून सगळ्यांचा.

आणि भेटायला येणाऱ्यांनो, चहा घ्या, बिस्किटाचा पुडा ठेवा, गोळ्यांच्या पिशवीला हात लावू नका. काल एक सोयरे ती पलंगावर उलटी करून बसले होते. ‘काय अण्णा, गोळ्याच खायलाव का जेवायलाव बी? लई गरम पडतेत ह्या.’

अण्णा हसले. मी पिशवी हिसकावून घेतली. चहा न घेताच गेले ते. जाऊ द्या.