दोन्ही हातांत लाडू? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्रजांच्या सिंगापूर-पेनांग वसाहतींतल्या चिनी लोकांना मी माझ्या लेखात उगाच बिचारं ठरवलं, असं तुम्ही लिहिलंत. इकडे ब्रिटनच्या राणीचे प्रजाजन, तिकडे चीनच्या सम्राटाचे, म्हणजे दोन्ही हातांत लाडू! त्या वसाहतींत जन्मलेला चिनी माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होता, हे मान्यच. पण संकटात त्याच्या पाठीशी कोण उभं राहायचं?

सिंगापुरात जन्मलेला, इंग्रजी पेढीत नोकरी करणारा एक चिनी माणूस 1851 मध्ये चीनच्या अमॉय बंदरात एका गुप्त संघटनेचा पुढारी म्हणून पकडला गेला आणि चिनी अधिकाऱ्यांच्या ताब्यात मेला. ब्रिटिश प्रजाजन असून तो वाचला नाही. पुढे 1868 मध्ये चीनमधले ब्रिटिश राजदूत रदरफर्ड अल्कॉक यांनी फर्मावलं की, चिनी वंशाच्या प्रजाजनाला संरक्षण हवं असेल तर त्याने चिनी पोशाख सोडावा. वाडवडिलांच्या गावी, त्यांच्या थडग्यांपाशी जायचं ते परक्याच्या कपड्यांत! या अटीचा मला आजही राग येतो.

आता सम्राटाचा लाडू. परदेशी जाण्यावरची जुनी बंदी चीनच्या चिंग घराण्याच्या दरबाराने औपचारिकपणे उठवली ती थेट 1893 मध्ये. सिंगापुरात चीनचा पहिला कॉन्सल, म्हणजे तिथल्या आपल्या लोकांचं हित पाहणारा प्रतिनिधी, 1877 मध्ये नेमला, तो व्हॅम्पोआ म्हणून ओळखला जाणारा व्यापारी हू आ के. हा गृहस्थ वसाहतीच्या विधिमंडळात बसायचा, शिवाय रशिया आणि जपानचाही कॉन्सल होता. गोदीतल्या हमालासाठी तो गव्हर्नरशी भांडेल, ही अपेक्षाच चुकीची. त्याच वर्षी इंग्रजांनी विल्यम पिकरिंगच्या हाताखाली चिन्यांसाठी स्वतःचं ‘संरक्षक’ खातं उघडलं. मजुरांचे प्रश्न तिथे जाऊ लागले.

बड्या व्यापाऱ्यांनी दोन्हीकडचे फायदे घेतले, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण चीनमध्ये जन्मून मलायात राबायला आलेला मजूर इंग्रजांच्या लेखी परकाच होता. गव्हर्नर त्याला खटल्याविना हद्दपार करू शकत असे. आणि पेराकमधल्या कथिलाच्या खाणीजवळ जन्मलेलं त्याचं मूल? पेराक हे इंग्रजांच्या संरक्षणाखालचं सुलतानाचं राज्य, म्हणून ते प्रजाजन नव्हे, नुसतं ‘ब्रिटिश-संरक्षित’. तेच मूल पेनांगमध्ये जन्मलं असतं तर प्रजाजन ठरलं असतं. 1909 मध्ये चीनने कायदा केला की बाप चिनी तर मूल चिनी, जन्म कुठेही होवो. पण पेनांगमध्ये जन्मलेल्याला इंग्रज आपलाच मानत, तिथे चिनी कॉन्सलचं काही चालत नसे. माझा लेख या मजुरांबद्दल आणि त्यांच्या मुलांबद्दल होता.