जग वाटून घेतलेल्या गावात उपाशी

स्पेनमध्ये दुपारी साडेचारला भूक लागणं हा गुन्हा नाही, पण शिक्षा होतेच. वायादोलिदजवळचं, दुएरो नदीकाठच्या उंचवट्यावरचं तोर्देसियास. दगडी कमानींचा जुना पूल ओलांडून चढ चढलो, तर चौकातला हॉटेलवाला खुर्च्या उचलत होता. "कोसिना सेर्रादा!" स्वयंपाकघर बंद. आता थेट रात्री नऊला.

"तोपर्यंत माणसं करतात काय?" हिनं विचारलं. आजूबाजूला एकही माणूस नव्हता, तेच उत्तर.

याच गावात 7 जून 1494 रोजी स्पेन आणि पोर्तुगालनं जग वाटून घेतलं. केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला 370 लीगांवर (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप) भर समुद्रात रेघ मारली. पश्चिमेचं स्पेनचं, पूर्वेचं पोर्तुगालचं. ज्यांची वाटणी झाली त्यांना कुणी विचारलं नाही. 1510 मध्ये पोर्तुगीज गोव्यात उतरले ते आपल्या वाट्याला आल्यासारखेच.

कुलपं लावण्यातही गाव जुनं आहे. खुआना राणीला 1509 मध्ये बापानं वेडी ठरवून इथे डांबलं. पोटचा मुलगा सम्राट झाला, त्यानंही दार उघडलं नाही. 1555 मध्ये गेली तेव्हाच सुटली. मध्यंतरी, 1520 मध्ये, मुलाविरुद्ध उठलेले बंडखोर आले, म्हणाले, बाईसाहेब, फक्त सही करा. तिनं केली नाही. समोर येईल त्या कागदावर सही न करणारी बाई वेडी कशी, हे काही मला कळलेलं नाही.

नऊ वाजले तरी ऊन हटेना. 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोनं देशाची घड्याळं तासभर पुढे केली, ती तशीच राहिली. उन्हाळ्यात सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. संकष्टीला चंद्राची वाट बघतात तसे आम्ही सूर्य बुडायची वाट बघत बसलो.

अखेर सॅलड आलं. वर ट्यूना माशाचा ढीग. ही पक्की शाकाहारी. तिनं काट्यानं ताटात रेघ मारली: मासा तिकडे, पाला इकडे. ऑलिव्ह मात्र दोघांनाही हवे होते. त्या दोन राजांचंही लवंगांच्या बेटांवरून असंच अडलं होतं. 1529 मध्ये पोर्तुगालनं 3,50,000 डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मोजून प्रकरण मिटवलं. ऑलिव्ह हिनं घेतले, बिल मी भरलं.