तीस अंशांचा उतार

"बाबा, तुम्हाला फिजिक्स येतं ना?" या प्रश्नाला "यायचं" एवढंच उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "आण की!"

गणित दोन ओळींचं. तीस अंशांच्या घर्षणरहित उतारावरून पाच किलोचा ठोकळा घसरतोय, त्याचं त्वरण काढा. या पुस्तकांतलं जग मोठं सुखाचं असतं. घर्षण नाही, दोरीला वजन नाही, कप्पी कुरकुरत नाही, हवेचा रोध कायमचा नगण्य. इतक्या सोयी असूनही आमचा ठोकळा काही नीट घसरेना.

जी म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८, आणि थीटा म्हणजे उताराचा कोन, एवढं पक्कं होतं. सूत्रही मला आठवलं: जी साइन थीटा. किंवा जी कॉस थीटा. तिथे माझं शाळेपासून अडतं. साइन धरून चाललो. लेकीने कॅल्क्युलेटरवर आकडे मारले. उत्तर आलं, उणे ९.६८.

"उणे म्हणजे?"

"म्हणजे तो वर चढतोय."

"आपोआप?"

"घर्षण नाहीये ना, बाबा."

मला हे क्षणभर पटलंसुद्धा.

पुस्तकाच्या शेवटी उत्तर होतं ४.९. हा शेवटच्या पानांवरचा प्रकार भलताच खवचट. तुम्ही चुकलात एवढं सांगायचं आणि कुठे ते पोटात ठेवायचं. मग आम्ही उत्तराकडून गणिताकडे यायला लागलो. ९.६८ला दोनाने भागलं, तर ४.८४. "जवळ आलोय," मी म्हणालो. पाच किलो तर अजून वापरलेच नव्हते. दिलेत म्हणजे कुठेतरी लागणारच, म्हणून गुणून पाहिलं. उणे ४८.४. ठोकळ्याचं रॉकेट झालं.

मेहुण्याला फोन लावला. तो इंजिनियर.

"भाऊजी, एकदम सोप्पं आहे हो!"

अडलेल्या माणसाला ऐकवायला याच्याइतका निर्दय शब्द मराठीत नसावा. दहा मिनिटांत त्याने कागदाचा फोटो पाठवला. ठोकळ्याची गतिज ऊर्जा, स्थितिज ऊर्जा, दोन ठिकाणी डेरिव्हेटिव्ह आणि खाली दोन रेघा मारून ४.९. वस्तुमान दोन्हीकडून कटतं, हेही कोपऱ्यात लिहिलेलं. सगळं बरोबर. फक्त आमचा ठोकळा वर का चढतो, याबद्दल अवाक्षर नाही. लेकीने फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला आणि म्हणाली, "मामाने त्याचं गणित सोडवलंय. आपलं तसंच आहे."

शेवटचा उपाय आत्या. तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, पण सवय सुटलेली नाही.

"आत्या, नुसतं उत्तर—"

"उत्तर तुमच्याकडे आहे. आकृती काढलीस?"

काढली नव्हती. काढली.

"आता साइन की कॉस, ते मला विचारू नकोस. उतार काढून टाक. कोन शून्य. ठोकळा घसरेल?"

"सपाटावर कसा घसरेल?"

"मग शून्याला शून्य होतं ते कोण?"

लेकीने साइन शून्य दाबलं. शून्य. कॉस शून्य. एक. माझा इतक्या वर्षांचा घोळ अर्ध्या मिनिटात मिटला, आणि तोही लेकीच्या शिकवणीत फुकट बसून.

"आता उभा कडा कर. नव्वद. तिथे ठोकळा मोकळाच पडणार, म्हणजे पुरे ९.८ यायला हवेत."

लेकीने दाबलं. ८.७६.

फोनवर शांतता. मग आत्या हळूच म्हणाली, "नुसतं साइन नव्वद किती दाखवतंय?"

"०.८९४."

"अगं, ते एक असतं! तुझ्या यंत्राच्या डोक्यावर बघ काय लिहिलंय."

पडद्याच्या वरच्या कडेला, मुंगी बसल्यासारखा, एक 'आर' होता. रेडियन! आम्ही तीस अंश म्हणत होतो आणि कॅल्क्युलेटर इमानदारीत तीस रेडियन धरत होता. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, तीस रेडियन म्हणजे जवळजवळ पावणेपाच वेढे. उतारच इतक्या गिरक्या घेतोय म्हटल्यावर ठोकळ्याने कुठे तोंड करावं? आणि शून्याच्या परीक्षेत हे यंत्र साळसूदपणे पास झालं होतं, कारण शून्य अंश काय, शून्य रेडियन काय, सारखेच.

मोड बदलला. ४.९ आलं. मी विजयी आवाजात ते फोनवर सांगितलं.

"४.९ काय?"

"बरोबर उत्तर."

"ते कळलं रे. ४.९ *काय*?"

मीटर प्रति सेकंद वर्ग. मला हसू आलं नाही. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान असंच गेलं. एकीकडचे आकडे पाउंडांत, दुसरीकडचे लोक ते न्यूटनमध्ये समजून बसलेले. त्यांना आत्या नव्हती.

लेकीने पान उलटलं. तोच उतार, तोच ठोकळा, आता घर्षणांक ०.२. मी कॅल्क्युलेटर ओढून घेतला आणि सगळ्यात आधी साइन नव्वद दाबलं.

एक आलं. अजून तरी.