नाँतेरहून, घरच्या ग्रुपसाठी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोलिसांच्या गोळीबाराचा विषय निघाला की कुणीतरी 2023 च्या दंगलींचा 'फ्रान्स जळतंय' हा व्हिडिओ पुन्हा टाकतं. सप्टेंबर 2024 मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हाही टाकला. खाली मामांनी लिहिलं, "मोकळं सोडलं की असं होतं. आपल्याकडे बरंय, तिथल्या तिथे निकाल." मी इथे फ्रान्समध्ये राहते म्हणून मामा काळजीपोटीच बोलतात. पण ते दिवस मी नाँतेरला लागून काढलेत, आणि मला हे मुळीच पटत नाही.

27 जून 2023 ची सकाळ. पॅरिसचं उपनगर नाँतेर, ला देफाँसच्या चकचकीत मनोऱ्यांच्या अगदी पाठीशी. नाहेल, वय 17, लायसन्स नाही, पिवळी मर्सिडीज चालवतोय. दोन मोटारसायकलस्वार पोलीस त्याला अडवतात. गाडी पुढे सरकते, जवळून गोळी सुटते आणि नाहेल मरतो. आधी सांगितलं गेलं की पोरगा अंगावर गाडी घालत होता. मग रस्त्यावरच्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ आला. त्यात पोलीस गाडीच्या बाजूला उभे होते, समोर नव्हे. तो व्हिडिओ नसता तर कागदावर पहिलीच हकिगत राहिली असती. त्यानंतर देशभर जी आग लागली, तिचं मूळ मला तिथे दिसतं.

गाडी थांबवली नाही तर गोळी कधी चालवता येते, याचे नियम 2017 च्या कायद्याने सैल केले. 2022 या एका वर्षात अशा प्रसंगांत 13 जण मेले. तपासणीसाठी कुणाला अडवतात, हेही इथे सगळ्यांना ठाऊक आहे. नागरिकांच्या हक्कांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनेच 2017 मध्ये सांगितलं होतं की अरब किंवा काळे वाटणारे तरुण इतरांच्या वीसपट अडवले जातात. माझ्या नवऱ्याला स्टेशनवर तीनदा कागद मागितलेत. त्याच्यासोबत चालणाऱ्या गोऱ्या सहकाऱ्याला एकदाही नाही.

जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. त्या आठवड्यात बस आणि ट्रॅम रात्री नऊला बंद व्हायच्या. आमच्या ऑफिसची साफसफाई करणारी बाई पाब्लो पिकासो वस्तीत राहते, भिंतींवर ढग काढलेल्या टॉवरांत. तिचं काम नऊनंतर सुटायचं, मग ती अंधारात चालत घरी जायची. सकाळी बसथांब्यावर फुटलेल्या काचेचा चुरा चपलेखाली साखरेसारखा कुरकुरायचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास घशात बसायचा. जळालेल्या गाड्या तिच्याच शेजाऱ्यांच्या होत्या. हे तिनेच मला सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "पण त्या पोराला मारायला नको होतं." दोन्ही गोष्टी तिला एका दमात बोलता आल्या. आमच्या ग्रुपवर त्या एका दमात कुणाला बोलता येत नाहीत.

त्याच दिवसांत एका ट्विटर खात्यावरून मागणी झाली की योगींना फ्रान्सला पाठवा, दंगल 24 तासांत थांबेल. योगींच्या कार्यालयाच्या खात्याने त्याला अभिमानाने उत्तरही दिलं. ग्रुपवर टाळ्या पडल्या. इथे मात्र 40,000 पोलीस रस्त्यावर असताना, तिसऱ्याच दिवशी, गोळी झाडणाऱ्या पोलिसावर हत्येचा आरोप ठेवून त्याला कोठडीत टाकलं होतं. त्याच्या कुटुंबासाठी 15 लाख युरोंहून जास्त वर्गणी जमली, म्हणजे गोळीला टाळ्या वाजवणारे इथेही कमी नाहीत. पण न्यायाधीशाने त्या टाळ्या मोजल्या नाहीत. हैदराबादला 2019 मध्ये चकमकीनंतर पोलिसांवर फुलं उधळली, तेव्हाही ग्रुप आनंदात होता. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने 2022 मध्ये ती चकमक खोटी ठरवली. तो अहवाल ग्रुपवर कुणीच टाकला नाही. मीही नाही, आणि ते मला अजून खुपतं.

त्या आठवड्यात आई रोज फोन करायची. दारं लावलीस का, भाजी आहे का घरात. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "एकुलता एक होता का गं?"

होता, म्हटलं. आईनेच एकटीने वाढवलेला.

ती बराच वेळ काही बोलली नाही.