क्विनोआ घरात आणण्याआधी

सर्वप्रथम काचेच्या बरण्या घ्या. धान्य नंतर. आहार सुधारायचं ठरवलेल्या माणसाने स्टीलच्या डब्यात काही ठेवू नये, कारण डब्यात काय आहे ते फक्त घरच्यांना कळतं आणि घरच्यांसाठी कोणी क्विनोआ आणत नाही. बरणी हॉलमधून दिसेल अशा फळीवर ठेवा. शेजारी चिया, भोपळ्याच्या बिया, जवस. नको, जवस राहू द्या. जवसाची चटणी तुमच्या घरात पूर्वीपासून होते, पाहुण्यांना उगाच शंका यायची.

धान्य निवडताना कसोटी एकच: ते समुद्र ओलांडून आलेलं असावं. क्विनोआ या कसोटीला पुरेपूर उतरतो. मूळचा अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे अख्खं वर्ष त्याच्या नावे केलं होतं. त्याच्या कुळाची मात्र फार चौकशी करू नका. केलीत तर कळेल की आपला चाकवत वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने त्याच्याच प्रजातीतला आहे. तोच चाकवत, मंडईत मातीसकट जुडीने मिळणारा, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून ताकात शिजणारा. एक पानासाठी खातात, दुसरा दाण्यासाठी, एवढंच. पण गरीब भावकीची ओळख चारचौघांत काढायची नसते. केलच्या बाबतीतही हेच पथ्य पाळा. तो कोबी आणि नवलकोलाच्या जातीचा आहे. नवलकोलाचा पाला भाजीवाली तुमच्यादेखत मोडून खाली टाकते, तो मुकाट टाकू द्या आणि पुढच्या दुकानात जाऊन केल घ्या.

ॲव्होकॅडोबद्दल मी काही सांगणार नाही. ते कच्चं असतं किंवा काळं पडलेलं असतं. मधली वेळ तुम्ही ऑफिसात असताना येऊन जाते.

आता स्वयंपाक. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिनचा थर असतो, तो पाण्यात साबणासारखा फेसाळतो आणि चवीला कडू लागतो. म्हणून दाणे बारीक चाळणीत घेऊन नळाखाली चोळून धुवायचे असतात. तुम्ही धुऊ नका. कडू लागला की घरातल्या सगळ्यांची आपोआप खात्री पटते की हे औषधी आहे. गोड लागणारी गोष्ट तब्येतीला चांगली असते यावर आपल्याकडे आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही.

शिजला की त्याला फोडणी द्या. मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब, मिरची. मग कांदा. मग तळलेले शेंगदाणे, कारण नुसता कसा लागणार. मग ओलं खोबरं, चिमूटभर साखर, लिंबू. वरून शेव. आता या ताटलीत क्विनोआ आहे हे फक्त तुम्हाला आणि दुकानदाराला माहीत आहे, म्हणून खाताना मोठ्याने सांगत राहा.

इथे घरातल्या आजी येतील. त्या वाटीत वाकून बघतील.

"हे वऱ्याचे तांदूळ का गं?"

"नाही आजी, क्विनोआ."

"मग उपासाला चालतो का?"

हसू नका. प्रोटीन, फायबर, ग्लूटेन हे सगळे किरकोळ मुद्दे आहेत. मराठी घरात परदेशी पदार्थाचा प्रवेश याच एका प्रश्नावर ठरतो. एकादशीचं ताट नीट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा. रताळं तिकडचं, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची. इतकंच काय, राजगिरासुद्धा मूळचा अमेरिका खंडातला, आणि कुळाने क्विनोआच्या जवळचा. ही सगळी मंडळी पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेल्यांच्या गलबतांतून इकडे आली आणि थेट देवाच्या ताटात जाऊन बसली. हजारो वर्षं इथल्या शेतात राबलेला गहू मात्र त्या दिवशी बाहेर उभा. तेव्हा डाएटिशियनला विचारून काही होणार नाही. एखाद्या संकष्टीला साजूक तूप, जिरं आणि दाण्याचं कूट घालून क्विनोआची खिचडी करा आणि आजींना म्हणा, "चालतो." दोन पिढ्यांत तो शास्त्रात असल्याचं लोक सांगू लागतील.

अर्थात यात एक धोका आहे. उपासाला चालू लागलेला पदार्थ आरोग्यदायी राहत नाही. साबुदाण्याच्या वड्याला विचारा.

मिलेटचं प्रकरण जास्त नाजूक आहे. 2018 साली सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणीला पोषक धान्यांचा दर्जा दिला, 2023 हे जागतिक भरडधान्य वर्ष झालं आणि अर्थसंकल्पाच्या भाषणात त्यांना 'श्री अन्न' म्हटलं गेलं. एवढा मान मिळाल्यावर ज्वारीची भाकरी करणं बरं दिसत नाही. शिवाय भाकरी थापावी लागते, ती परातीत मोडते आणि आपल्याला काय येत नाही ते चव्हाट्यावर येतं. त्यापेक्षा मिलेटची कुकी घ्या. पाकिटावर नाचणीचं कणीस पुढच्या बाजूला असतं. साखर आणि पामतेल मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, तुमचा चष्मा घरी राहिलेला असताना वाचण्यासाठी.

घरातल्या जुन्या माणसांसमोर हे पाकीट फोडताना जरा जपून. 1972च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा. तीही ज्वारीच, अमेरिकेतून आलेली. आजच्या भाषेत सांगायचं तर आयात केलेलं, सालासकट, ग्लूटेन-मुक्त पुरातन धान्य, तेही सरकारमान्य दरात! आणि कृतघ्न लोकांनी काय केलं, तर रांगेत उभं राहून ते आणलं, नाक मुरडत खाल्लं आणि पुढची पन्नास वर्षं त्याला नावं ठेवली. मिलो काचेच्या बरणीत आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण तेव्हा पोटात भूक होती, आणि भुकेल्या माणसाला पोषणमूल्यं दिसत नाहीत.

आणखी एक. नवा पदार्थ सुरू करताना जुना बंद करायचा नाही, हा या सगळ्या शास्त्राचा पाया आहे. सकाळी चियाचं पाणी प्या. दाणे पाण्यात भिजून फुगतात आणि पोट भरल्यासारखं वाटतं, असं म्हणतात. म्हणून लगेच चहा-खारी घ्या, नाहीतर खरंच भरायचं. (सब्जाही तसाच फुगतो, पण तो फालुद्यात असतो, त्याला आरोग्याशी काय देणंघेणं.) दुपारी सॅलड, मग जेवण. रविवारी मिसळ, जादा पाव, वर ताक. ताक पचनाला चांगलं.

असे काही महिने गेले की बरणीतला क्विनोआ संपत नाही हे लक्षात येईल. टाकवत नाही, भाव आठवतो. कामाच्या मावशींना देऊन बघा, त्या बरणी हलवून बघतील आणि म्हणतील, "आमच्यात कोणी खात नाही ताई, राहू द्या तुम्हालाच." मग एकच वाट उरते, थालीपिठाची भाजणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरं हे सगळं भाजताना तो धुऊन वाळवून गुपचूप त्यात टाका. तेव्हा मात्र धुवाच. भाजणीने आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. थालीपीठ खमंग होईल, लोण्याच्या गोळ्याबरोबर सगळे मागून मागून खातील आणि क्विनोआचं नाव कोणी काढणार नाही.

गिरणीवाला पिशवीत हात घालून विचारेल, "हे बारीक काय आहे?" काही सांगू नका. तुमच्या दळणामागून ज्यांचं दळण पडेल, त्यांच्या पिठात ओंजळभर क्विनोआ फुकट उतरेल. त्यांची भाकरी तव्यावर तुटली, तर ते गिरणीवाल्याशी भांडतील.