पीजे लाइनचे सुटणारे तुकडे आत्ताच मागून घ्या

जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेरची अडीच फुटी (नॅरोगेज) रेल्वे, म्हणजे आपली पीजे, मार्च २०२० पासून बंद आहे. आता ती ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत जायची आहे, आणि ते व्हायलाच हवं. या लाइनवरच्या शेंदुर्णी-पहूरच्या माणसाला मोठी गाडी मिळणं कुठल्याही सायकल ट्रॅकपेक्षा महत्त्वाचं आहे. पण छोटी गाडी जी वळणं घेत होती, ती सगळी ब्रॉडगेजला झेपत नाहीत. वळण सरळ केलं की जुन्या भरावाचा तुकडा बाजूला पडतो. असे जे तुकडे सुटतील ते चालायला आणि सायकलला राखून ठेवा, एवढीच मागणी आहे.

पण ती आत्ताच करायला हवी. रूळ उचलले की दोन पावसाळ्यांत शेजारचा बांध सरकतो, मग कुंपण येतं, मग उकिरडा. मधला शंभर मीटरचा पट्टा गेला तरी उरलेला निरुपयोगी होतो. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने बंद लाइनची जागा सलग ठेवून तिथे वाट करता येते, आणि पुढे रेल्वे परत आणायची मुभाही राहते. आपणही मालकी रेल्वेकडेच ठेवून वापराची परवानगी तेवढी मागावी.

पहिलं काम मोजणी आणि हद्दीचे दगड. दुसरं, रूळ उचलण्याच्या टेंडरमध्ये स्पष्ट लिहून घ्या की या तुकड्यांवरची खडी आणि पुलांचे गर्डर जागेवर राहतील. ठेकेदाराच्या दृष्टीने ते भंगार असतं. आपल्याला मात्र नाल्यावर नवा पूल बांधायचा झाला तर सगळा हिशोबच कोलमडतो.

खडी का ठेवायची? खाली आपली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खडीचा थर पाणी साचू न देता निथळून जाऊ देतो. मात्र खडीवर थेट मुरूम टाकला तर तो पोकळ्यांत उतरतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर वाटेला खड्डे पडतात. आधी बारीक खडीने पोकळ्या बुजवा, रोलर फिरवा, मग मुरूम. तीन मीटर रुंद आणि दाबून १५० मिलिमीटर जाड थर धरला तर किलोमीटरला साधारण २०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) सुटा मुरूम लागतो. तो एकदम ओतू नका. दोन थरांत, पाणी मारून दाबा. वर ७५ मिलिमीटर क्रशरची कच आणि मुरूम यांचं मिश्रण, मधोमध थोडा उंचवटा, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरेल.

मुरूम घेताना मूठभर ओला करून दाबून बघा. गोळा टिकला पाहिजे, पण तळहाताला चिखल चिकटता कामा नये. चिकटला तर त्यात माती जास्त आहे, तो ट्रॅक्टर परत पाठवा. सरकारी कामातल्या निम्म्या वाटा इथेच बिघडतात, असं माझं मत आहे.

पुलांचं बघू. ज्या गर्डरवरून इंजिन जात होतं, त्याला माणसांचं वजन काहीच नाही. तपासायचं ते टेकूजवळचा गंज आणि पायाखालून वाहून गेलेली माती. फळ्या आडव्या ठोका. उभ्या ठोकल्या तर फटीत सायकलचं चाक अडकून माणूस पडतो. कठडा किमान १.२ मीटर. आणि जुने लाकडी स्लीपर बाकांसाठी वापरू नका. लाकूड कुजू नये म्हणून त्यांत मुरवलेलं क्रिओसोट हे अपायकारक तेल उन्हात पाझरतं, लहान मुलं त्यावर बसणार.

वेडी बाभूळ नुसती छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते. मुळासकट काढावी लागते, नाहीतर रोज पंक्चर. त्या जागी निंब लावा, वाटेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. सावली नसली की दहानंतर वाटेवर कुत्रंही फिरकणार नाही. पहिली तीन वर्षं टँकरने पाणी घालायची तरतूद अंदाजपत्रकातच धरा.

शेतकऱ्यांच्या आडव्या वाटा बंद करू नका. प्रत्येक ठिकाणी चार मीटर काँक्रीट, दोन्ही बाजूंना उतार. बैलगाडी, ट्रॅक्टर, केळीची गाडी आडवी जाऊ दे, लांबीने नको. त्यासाठी वाटेच्या तोंडाशी लोखंडी खांब, दीड मीटरच्या अंतराने. व्हीलचेअर जाईल एवढ्या फटीतून मोटारसायकलही जाते, हे खरं आहे. तिला आळा घालायचा तर लोकांचाच राबता हवा. पण डंपर अडला तरी वाट टिकते.

आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून या वाटेवर गुडघे दुखणारी आजीही आरामात चालेल. शेंदुर्णीत त्रिविक्रमाचं मंदिर आहे, पहूर जळगाव-अजिंठा रस्त्यावर आहे. बाहेरचे लोक येतील तेव्हा येतील, आधी गावातली मुलं हायवे टाळून शाळेत जाऊ देत.

म्हणून पाचोरा ते जामनेर ज्या गावांतून लाइन जाते, त्यांनी येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि भुसावळच्या मंडल रेल्वे व्यवस्थापकांना पाठवावा. त्याची प्रत जिल्हा परिषदेला, शेंदुर्णीसाठी नगरपंचायतीला. ठरावात तीन गोष्टी नावानिशी हव्यात: नव्या मार्गातून सुटणाऱ्या जागेचा नकाशा, संयुक्त मोजणी, आणि त्या जागेवरचे पूल व खडी न हलवण्याची अट.