तटस्थ, निःपक्षपाती, न्याय्य: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. या शब्दांमधल्या फरकावर मी लिहिलेल्या लेखाला आलेल्या आपल्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. तटस्थ, त्रयस्थ आणि निःपक्षपाती हे व्यवहारात एकच, त्यांत भेद करणं म्हणजे शब्दांचा कीस पाडणं, म्हणून लेखात सगळीकडे ‘तटस्थ’च घालावं. ‘समान वाटप न्याय्य असेलच असं नाही’ हे लेखातलं वाक्य म्हणजे पक्षपाताला पळवाट. आणि ‘निष्पक्ष’ हा शब्द मराठीत चुकीचा.

पहिल्या आक्षेपाशी मला जरा थांबायचं आहे, कारण या गल्लतीची किंमत माणसं मोजतात. चौकशी समितीच्या अहवालात नेहमी येणारं वाक्य घ्या: ‘समितीने निःपक्षपातीपणे चौकशी करून तक्रार खरी असल्याचा निष्कर्ष काढला.’ इथे ‘तटस्थ राहून’ घालून बघा. चौकशी चालू असेपर्यंत ते चालेल, पण निष्कर्ष काढला त्या क्षणी समिती तटस्थ उरत नाही. तिने एकाचं म्हणणं खरं आणि दुसऱ्याचं खोटं ठरवलेलं असतं. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहणारा. निःपक्षपाती माणूस पाण्यात उतरतो, कौलही देतो, पण तो पुरावा बघून देतो, माणूस बघून नाही. ज्याने निर्णय द्यायचा त्याच्याकडून आपण तटस्थपणा मागितला, की ‘दोघांचंही थोडं चुकलं’ असा गुळमुळीत निकाल हाती पडतो, आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला तो दुसऱ्यांदा नाडला जातो.

‘त्रयस्थ’ हा तर गुणच नव्हे, ती फक्त जागा आहे: वादातल्या दोघांपैकी नसलेला. ज्या संस्थेचे हिशेब तपासायचे तिच्याकडूनच मानधन घेणारा लेखापरीक्षक त्रयस्थ असतो. पण पुढच्या वर्षीचं काम तिच्याच मर्जीवर असेल, तर तो निःपक्षपाती आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. ‘त्रयस्थ संस्थेकडून तपासणी झाली’ एवढं वाचून निर्धास्त होणारे इथेच फसतात.

आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतली मंत्र्यांची शपथ आपण अनेकदा ऐकली असेल: ‘निर्भयपणे व निःस्पृहपणे तसेच कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता न्याय्य वागणूक देईन.’ यात ‘तटस्थ’ कुठेही नाही. पक्षपात ज्या चार वाटांनी आत शिरतो त्या मात्र चारही आहेत: भीती, लोभ, माया आणि आकस. चौथी वाट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं की पक्षपात लगेच दिसतो. नावडत्या माणसाच्या अर्जात मुद्दाम त्रुटी शोधल्या, तर त्याला ‘काटेकोरपणा’ म्हणून मोकळे होतात. तोही पक्षपातच आहे.

आता ‘समान’. हा शब्द एकटा अर्धाच असतो, ‘कशाने समान?’ हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. समजा, कालव्याच्या पाळीत प्रत्येक शेताला सहा तास पाणी ठरलं. शेवटच्या शेतापर्यंत पोचताना एक तृतीयांश पाणी मुरून जात असेल, तर त्या शेताला सहा तासांत मुखाकडच्या शेताच्या चार तासांइतकंच पाणी मिळतं. तेवढंच पाणी द्यायचं तर त्याला नऊ तास द्यावे लागतील. तास समान ठेवले तर पाणी असमान, पाणी समान केलं तर तास असमान! त्यापुढे आणखी प्रश्न आहेच: वाटा जमिनीवर ठरवायचा की घरातल्या माणसांवर? ‘समन्यायी’, म्हणजे प्रत्येकाची परिस्थिती बघून न्याय्य वाटा देणारं, हा शब्द लागतो तो या प्रश्नासाठी. पळवाटेची आपली भीती मला रास्त वाटते, कारण ‘समन्यायी’च्या नावाखाली हवं त्याला जास्त देता येतं. त्यावर बंदोबस्त असा की वाटपाचा निकष आधी जाहीर व्हावा, त्याचं कारण लेखी असावं आणि तो सर्वांना सारखा लावावा. निकष न्याय्य हवा, तो लावणारा निःपक्षपाती हवा. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. अन्याय्य नियम अगदी निःपक्षपातीपणे राबवला तरी परिणाम अन्याय्यच होतो.

‘निष्पक्ष’ संधीनियमानेच होतो, निष्पाप आणि निष्फळ होतात तसा. मराठीत ‘निःपक्षपाती’ रुळला आहे, म्हणून मी तो वापरतो. एका लेखात एकच रूप ठेवावं, इतकंच. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या पक्षविरहित उमेदवाराला मात्र ‘अपक्ष’च म्हणावं. आणि ‘न्याय हक्क’ नव्हे, ‘न्याय्य हक्क’. ती य-ची जोडी गाळू नये.

आपण सुचवल्याप्रमाणे लेखात सरसकट ‘तटस्थ’ घातलं, तर ‘लवादाने दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि निःपक्षपातीपणे निवाडा द्यावा’ या वाक्यातला निवाडाच डळमळीत होतो. म्हणून ते वाक्य तसंच ठेवतो आहे. ज्या लवादाचा वादात स्वतःचा हितसंबंध आहे, त्याने तटस्थ राहण्याचं आश्वासन देऊनही भागत नाही. त्याने ते प्रकरण सोडायलाच हवं.